द्राक्षबागेतली जाळी आणि चुकलेलं भांडण

द्राक्षांचा हंगाम भरात आला की नाशिकच्या व्हॉट्सॲप गटांवर एखादा तरी तसला व्हिडिओ फिरतोच. बागेवर टाकलेली नायलॉनची जाळी, तिच्यात पाय आणि पंख गुंतून उलटी लोंबणारी पाखरं, मागे नुसता वाऱ्याचा आवाज. पुढचे चार दिवस मग ठरलेले असतात. गंगापूर रोड, कॉलेज रोडवरची शहरी मंडळी "खुनी आहेत हे लोक" म्हणतात. पिंपळगाव, दिंडोरीकडची बागायतदार मंडळी "आधी आमचं कर्ज फेडा, मग पाखरांवर बोला" म्हणतात. कुणी तरी मध्येच दोन ओळींची कविता टाकतं, कुणी गट सोडून जातं, आणि पाचव्या दिवशी कांद्याच्या भावावर गाडी येते. पाखरं कुठली होती, बागेत काय करत होती, जाळीत नेमकी कशामुळे अडकली, हे विचारायला कुणाला सवड नसते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बागेवर जाळी टाकणं हा गुन्हा नाही. सैल सोडलेली, बारीक धाग्याची, हंगाम उरकल्यावरही बांधावर लोंबत राहिलेली जाळी मात्र निव्वळ हयगय आहे, आणि ती बदलायचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या गळ्यात मारणं ही दुसरी हयगय. याहून मोठी गोष्ट म्हणजे या भांडणात दोन्ही बाजूंना पाखरू विरुद्ध शेतकरी एवढंच दिसतं. ज्या कारणाने ही पाखरं खरोखर नाहीशी होतील ते कारण जाळीत नाही. ते जाळीच्या पलीकडच्या वावरात आहे.

माझा आतेभाऊ निफाड तालुक्यात कादवा नदीच्या काठाला द्राक्षं करतो, बाजूला घरापुरता गहू. दोन वर्षांपूर्वी मार्चच्या सुरुवातीला त्याच्याकडे गेलो होतो. बागेच्या कडेला, गव्हाच्या अंगाला, जाळीत सात पाखरं अडकलेली होती. चार मेलेली. उरलेली तीन आम्ही छाटणीच्या कात्रीने एकेक धागा कापत सोडवली. पोट हळदीसारखं पिवळं, पाठ विटकरी, आणि डोक्यावर काळं टोपडं घातल्यासारखा रंग. तिसरं पाखरू उडून गेल्यावर आतेभाऊ कात्री पुसत म्हणाला, "दादा, हे द्राक्षाला तोंड पण लावत नाही. हे गव्हावरचं पाखरू." चार दिवसांच्या त्या गरमागरम वादात एकाही पक्षीप्रेमीने लिहिलं नव्हतं ते वाक्य, ज्याला खुनी म्हटलं जात होतं तो माणूस सहज बोलून गेला.

ते पाखरू म्हणजे काळ्या डोक्याचा भारीट. गावात त्याला कुणी भारीट म्हणत नाही. "पिवळ्या चिमण्या" म्हणतात, नाही तर नुसतं "पाखरं". वजन जेमतेम ३० ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांएवढं. त्याचा जन्म इथला नाही. इटलीपासून बाल्कन देश, ग्रीस, तुर्कस्तान, इराण या पट्ट्यात तो घरटी करतो. युरोपातले कितीतरी छोटे पक्षी थंडीत दक्षिणेला, आफ्रिकेत उतरतात. हा पूर्वेला तोंड करतो आणि रात्रीच्या रात्री उडत आपल्याकडे येतो. अथेन्स ते नाशिक सरळ रेषा ओढली तरी ५,००० किलोमीटरच्या वर भरते. सप्टेंबर-ऑक्टोबरात मळकट तपकिरी कपड्यांत येतो, गव्हा-ज्वारीच्या रानांत थव्याने राहतो, आणि मार्चमध्ये नराचं डोकं काळं कुळकुळीत झालं की परतीला लागतो. गाणारा पक्षी खरा, पण गातो तिकडे, माद्यांसाठी. आपल्या वाट्याला त्याची चिप-चिप तेवढी येते. तिकडे तो कशात घरटं करतो? काटेरी झुडपांत, ऑलिव्हच्या बागांत आणि द्राक्षमळ्यांत. वेलीच्या सावलीत अंड्यातून बाहेर पडलेलं पाखरू दुसऱ्या एका देशात वेलीवरच्या जाळीत मरतं.

या पक्ष्याबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ती ही: जगातले जवळजवळ सगळे काळ्या डोक्याचे भारीट हिवाळा पश्चिम आणि मध्य भारतात काढतात. फ्लेमिंगोला इथे जमलं नाही तर तो कच्छला जाईल, आणखी कुठे जाईल. याला दुसरं सासर नाही.

आता शेतकऱ्याची बाजू, कारण ती खरी आहे आणि ती कमी लेखून कुठलाही वाद जिंकता येत नाही. ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत बागायतदार भुरी, डाऊनी, करपा हे वेलीचे रोग, अवकाळी, गारपीट या सगळ्यांशी झुंजत असतो. यातल्या बहुतेक गोष्टी त्याच्या हातात नसतात. पाखरू ही त्याला थोपवता येण्याजोगी एकच गोष्ट. साळुंकी, बुलबुल, पोपट, भोरड्यांचा थवा, यांनी घडातले दोन मणी फोडले की नुकसान दोन मण्यांवर थांबत नाही. रस खाली ओघळतो, गांधीलमाश्या बसतात, बुरशी धरते, आणि पॅकहाउसमधल्या टेबलावर तो अख्खा घड बाजूला पडतो. निर्यातीचा माल बेदाण्याला गेला तर भाव कुठल्या कुठे जातो. शहरात बसून "थोडं खाल्लं पाखरांनी तर काय बिघडलं" म्हणणाऱ्याने आपल्या पगारातले दोन दिवस दर महिन्याला कुणाला तरी असेच खाऊ द्यावेत.

आणि भारीटही काही संत नाही. द्राक्ष खात नसला तरी पिकलेल्या गव्हा-ज्वारीवर त्याचे थवे बसतात आणि दाणे फस्त करतात. थवा मोठा असेल तर नुकसानही मोठं होतं. हे लपवून त्याची वकिली करण्यात अर्थ नाही.

अशा वेळी आपल्याकडे तुकोबांची गोष्ट हटकून निघते. राखणीला बसलेल्या तुकोबांनी पाखरांना हाकललं नाही, पोटभर खाऊ दिलं, आणि तरी रास उदंड झाली. कीर्तनात ऐकायला गोड आहे. पण गोष्टीचा मधला भाग आपण गाळतो. शेताचा मालक संतापला, त्याने तुकोबांना पंचांपुढे उभं केलं आणि नुकसानीची भरपाई लिहून घेतली. म्हणजे त्या कथेतही पाखरांच्या घासाचा हिशेब कुणीतरी कागदावर मांडला होता आणि तो शेतमालकाने सोसायचा नव्हता. आजचे पक्षीप्रेमी गोष्टीतली भूतदया घेतात आणि भरपाईचा कागद सोयीस्कर विसरतात. तुमच्या दयेचं बिल माझ्या नावावर का, हा निफाडच्या माणसाचा सवाल त्या पंचांनी रास्तच ठरवला असता.

दुसरा एक हळवा मुद्दाही मला पटत नाही: "पूर्वी माणसं माळ्यावर बसून गोफणीने पाखरं राखत, तेव्हा कुणी मरत नव्हतं, तेच परत आणा." पूर्वी राखणीला कोण बसायचं? घरातली पोरं. हुरड्यापासून कापणीपर्यंत पहाटे थंडीत माळ्यावर चढायचं आणि सूर्य वर येईपर्यंत हाळ्या द्यायच्या, शाळा बुडवून. माझी आत्या तिसरीनंतर शाळेत गेली नाही, त्यात राखणीचा वाटा मोठा. ते दिवस परत यावेत असं ज्याला वाटतं त्याने आपलं पोरगं पाठवावं. आज राखणीला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. चमकीच्या पट्ट्या, जुन्या सीडी, डबे, फटाके, भोंग्यावरचे शिकरा या शिकारी पक्ष्याचे आवाज, हे सगळं आठ दिवस चालतं. मग पाखरं त्या भोंग्यावरच येऊन बसतात. म्हणून जाळी आली. ती समजण्यासारखी आहे.

पण जाळी म्हणजे कुठली जाळी? सगळा वाद इथे यायला हवा होता, आणि इथेच कुणी येत नाही. आमच्या भागात बऱ्याच ठिकाणी वापरतात ती मासेमारीची, एकेरी बारीक तारेची, स्वस्त, कित्येकदा कुणीतरी वापरून टाकलेली. ती मुळात बनवलेलीच असते दिसू नये आणि गुंतवावं म्हणून. माशाच्या बाबतीत जो तिचा गुण, तोच पाखराच्या बाबतीत काळ. सैल टाकली की वाऱ्याने तिचे झोळ होतात. ३० ग्रॅमचं पाखरू गव्हातून उठून बाभळीकडे जाताना त्या झोळात शिरतं, आणि सुटायला धडपडतं तितकं आणखी आवळलं जातं. साळुंकी अंगाने जड, धीट आणि हुशार; ती खालून मोकळ्या बाजूने आत शिरते आणि द्राक्षं खाऊन बाहेरही पडते. मरतो तो भारीट, वटवट्या, शिंपी, म्हणजे ज्यांनी मण्याला चोचही लावलेली नसते. चोर सुटला आणि वाटसरू धरला गेला, असा हा कारभार. बागेचं रक्षण म्हणून सुद्धा ही जाळी कुचकामी आहे.

ताणून बसवलेली, जाड विणीची, पांढरी, बारीक घराची जाळी पाखराला लांबून दिसते. आदळलं तरी ते उसळून परत जातं. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात १ सप्टेंबर २०२१ पासून घरगुती फळझाडांवरच्या जाळीचं घर ताणलेल्या स्थितीत ५ मिलिमीटरपेक्षा मोठं असू नये असा नियम आहे. तिथे सोपी खूण सांगतात: करंगळी आत गेली तर ती जाळी चुकीची. हा नियम परसातल्या झाडांसाठी आहे, व्यापारी बागांना नाही, हे मी मान्य करतो. पाच एकर बागेवर तसली जाळी ताणायची तर मांडवाचा खर्च वाढतो, वारं अडतं, फवारणीला अडचण होते. म्हणूनच तो खर्च वाटून घ्यायला हवा. गारपीट आणि पावसापासून बाग झाकायला सरकारने मदत करावी असं आपण सगळे म्हणतो. त्याच मदतीला "जाळी या प्रतीची हवी आणि हंगाम संपल्यावर गुंडाळून ठेवली पाहिजे" अशी एक अट जोडायला कुणाच्या बापाचं काय जातं? मेलेली पाखरं मी पाहिली आहेत ती भर हंगामापेक्षा नंतरच जास्त, विसरलेल्या, फाटक्या, बांधावर भिरकावलेल्या जाळ्यांत. त्या गुंडाळायला अनुदान लागत नाही. अर्धा दिवस लागतो.

इथे कायद्याचा दंडुका काढणारे लोक भेटतात. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, रानपाखरू धरणं-मारणं गुन्हा आहे, करा केस. करा. दहा जणांवर गुन्हे दाखल झाले की अकरावा जाळी काढणार नाही. तो पहाटे उठून मेलेली पाखरं वेचून पुरून टाकेल. आज निदान व्हिडिओ तरी येतो.

गिधाडांचं काय झालं आठवा. जनावरांना तेव्हा देत त्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचे अंश मेलेल्या गुरांच्या मांसातून पोटात गेल्यामुळे देशातली गिधाडं काही वर्षांत होत्याची नव्हती झाली. तेव्हा शेतकऱ्याला कुणी गिधाडांचा मारेकरी म्हटलं नाही, त्याच्या गोठ्यावर धाडी घातल्या नाहीत. २००६ साली जनावरांसाठीच्या त्या औषधावर बंदी आली आणि पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम पुढे केलं गेलं. गाय बरी होत होतीच, औषध तेवढं बदललं. बंदी पुरेशी पाळली गेली का, यावर बोलता येईल, आणि गिधाडं अजून सावरलेली नाहीत. पण विचाराची दिशा बरोबर होती. जाळीच्या बाबतीत आपण माणसाला आरोपी करतो आणि वस्तूला मोकळं सोडतो.

आता पक्ष्यांच्या बाजूने केला जाणारा लाडका युक्तिवाद: "पक्षी शेतकऱ्याचा मित्र." मग १९५८ च्या चीनचं उदाहरण येतं, चिमण्या मारल्या, किडी वाढल्या, दुष्काळ पडला. ते उदाहरण खरं आहे, पण इथे ते लावू नये. हिवाळ्यातला भारीट प्रामुख्याने दाणे खातो. तो तुमच्या बागेतला पिठ्या ढेकूण वेचायला आलेला नाही. वटवट्या आणि धोबी हे पक्षी किडे खातात, त्यांच्याबद्दल तसं म्हणता येईल. भारिटाबद्दल म्हटलं तर खोटं ठरेल, आणि शेतकऱ्याला ते तुमच्याआधी माहीत असतं. उपयोगाच्या पायावर उभी केलेली दया उपयोग संपला की कोसळते. हा पक्षी आपल्या कामाचा नाही. तरी तो इथे असावा असं म्हणण्याची हिंमत असेल तरच या वादात उतरावं.

का असावा, हे विचारणाऱ्याला दुसरा, जास्त अवघड प्रश्न विचारायचा असतो: इतकी काळजी कशाला, तो तर मुबलक आहे. कुठल्या प्रजातीला किती धोका आहे हे सांगणाऱ्या जागतिक यादीतही तो धोक्याबाहेरच्या वर्गात आहे. बरोबर आहे. याचाच एक भाऊबंद होता, पिवळ्या छातीचा भारीट. फिनलंडपासून जपानपर्यंत घरटी, हिवाळा आग्नेय आशियात, थवे असे की आकाश पिवळं दिसावं. तोही या शतकाच्या सुरुवातीपर्यंत त्याच बिनधोक वर्गात होता. चीनमध्ये त्याला 'तांदूळपाखरू' म्हणून जाळ्यांत धरून खाल्लं जात होतं. १९९७ ला तिथे बंदी आली, जाळी थांबली नाहीत. १९८० ते २०१३ या काळात त्याची संख्या ८४ ते ९५ टक्के घसरली असा हिशेब संशोधकांनी मांडला, आणि २०१७ मध्ये तो थेट नामशेष होण्याच्या उंबरठ्यावरच्या यादीत गेला. बिनधोक ते उंबरठा, मध्ये तेरा-चौदा वर्षं. मुबलकपणा हे थव्याने राहणाऱ्या पक्ष्याचं संरक्षण नसतं. थवा असल्यामुळेच तो एका जाळीत शंभराने सापडतो, आणि थवा असल्यामुळेच तो कमी होतोय हे कुणाला कळत नाही. शंभरातले तीस गेले तर थवा थवाच दिसतो.

"पण पाखरू युरोपवाल्यांचं आहे ना? ते काय करतात?" हाही प्रश्न मी टाळणार नाही. भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत दर वर्षी १.१ ते ३.६ कोटी पक्षी बेकायदा मारले जातात असा अंदाज २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सायप्रसमध्ये गोंद लावलेल्या काड्यांवर चिकटवून गाणारे पक्षी धरतात आणि हॉटेलात वाढतात. तेव्हा युरोपाने आपल्याला पाखरांवरून शिकवावं, असं काही त्यांचं पुण्य नाही.

पण थांबा. युरोपाचं ऐकायचं नाही, हे नाशिकने केव्हा ठरवलं? २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपच्या बाजारात आपल्या द्राक्षांची कोंडी झाली होती. बागायतदार अक्षरशः उद्ध्वस्त झाले. त्यातून शिकून आज निर्यातीच्या प्रत्येक बागेची ग्रेपनेट या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर नोंद असते, फवारणीची वही असते, कुठल्या औषधानंतर किती दिवस घड काढायचा नाही याचा तक्ता भिंतीवर असतो, माल जाण्याआधी अंशांची तपासणी होते. युरोपातल्या रॉटरडॅम बंदरात कंटेनर उघडणाऱ्या अनोळखी गिऱ्हाइकाच्या पोटाची एवढी फिकीर आपण शिकलो, आणि शिकलो ते काही फार मोठ्या उपदेशाने नाही, वहीने शिकलो. याच वहीत जाळीचं एक पान का नसावं? जाळी कुठली, कधी टाकली, कधी काढली. आपला माल युरोपात जातो त्याच मोसमात युरोपातलं पाखरू आपल्याकडे असतं. एका बाजूच्या मालाची नोंद दशांश चिन्हापर्यंत ठेवणाऱ्या जिल्ह्याला दुसऱ्या बाजूची तीन रकान्यांची नोंद जड जाऊ नये. आणि ज्या विदेशी दुकानांना "पर्यावरणपूरक" शिक्क्याचा एवढा सोस आहे, त्यांनी त्या जाळीपोटी किलोमागे दोन पैसे जास्त मोजावेत. तुकोबांच्या गोष्टीतला भरपाईचा कागद तिकडेही पाठवता येतो.

आता त्या वावराकडे येतो, कारण जाळ्या उद्या सगळ्या सुधारल्या तरी भारीट वाचेल याची खात्री मला नाही. माझ्या लहानपणी ओझरहून निफाडकडे जाताना द्राक्षं होतीच, ओझरला ती १९२५ च्या सुमारास आली म्हणतात. पण मध्ये मध्ये ज्वारी-बाजरीची रानं होती, पडीक तुकडे होते, आणि दोन वावरांमध्ये बांध होता. बांध म्हणजे नुसती मातीची रेघ नव्हे. त्यावर बोर, बाभूळ, हिवर, खाली कुरडू, माठ, आघाडा. पाखराला दिवसभर दाणा, दुपारी सावली, रात्री काट्यांतली वस्ती, एवढं सगळं त्या दोन हात रुंदीत होतं. मग दोन्हीकडून भाऊबंदांनी बांध कोरला. उरला त्यावर तणनाशक मारलं. बोरीवर किडी राहतात म्हणून बोर गेली, सावली पडते म्हणून बाभूळ गेली. ज्वारी-बाजरीच्या जागी सोयाबीन, मका, कांदा. यात कुणाचा दोष काढू? ज्वारीला भाव नाही, कापणीला माणूस नाही. पण कांद्याच्या वाफ्यात भारिटाने खायचं काय? मक्याचं कणीस पाल्यात गुंडाळलेलं, दाणा त्याच्या चोचीला मोठा. उरतो गहू. म्हणून सगळा थवा गव्हाच्या त्या एका तुकड्यावर येतो, नुकसान डोळ्यांवर येतं, आणि तिथेच जाळी लागते. पूर्वी दहा वावरांत विखुरलेली खंडणी आता एकच जण भरतो. त्याला पाखरं वाढली असं वाटतं. पाखरं वाढलेली नसतात, पंगती कमी झालेल्या असतात.

उरलेला दाणाही आता साधा नाही. पेरणीआधी बियाण्याला इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक चोळलेलं असतं. २०१९ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी स्थलांतराच्या वाटेवर थांबलेल्या एका छोट्या दाणेखाऊ पक्ष्याला या औषधाची थोडीशी मात्रा देऊन सोडलं. पक्षी मेले नाहीत. काही तासांत त्यांचं वजन उतरलं, खाणं मंदावलं, आणि जास्त मात्रा मिळालेल्यांचा मुक्काम साधारण साडेतीन दिवसांनी लांबला. साडेतीन दिवस ऐकायला किरकोळ वाटतात. पण ज्याला ५,००० किलोमीटर जाऊन जोडीदार आणि घरट्याची जागा गाठायची आहे त्याच्यासाठी उशिरा पोचणं म्हणजे उरलीसुरली जागा मिळणं, नाही तर पिलांविना हंगाम जाणं. या मरणाचा व्हिडिओ निघत नाही. जाळीतलं पाखरू दिसतं म्हणून त्याच्यावर भांडता येतं. कृश होऊन ग्रीसला उशिरा पोचलेल्या पाखरासाठी नाशिकच्या कुठल्या गटावर मेसेज पडणार?

मांजाचंही तेच. संक्रांतीला नायलॉन मांजाविरुद्ध आपण जोरात बोलतो, आणि बोललंच पाहिजे, त्याने माणसांचे गळे चिरले आहेत. पण त्यात मुख्यतः घारी, बगळे, घुबडं सापडतात. वर्षातला एक आठवडा मांजावर आणि एक आठवडा जाळीवर घालवला की पक्ष्यांचं खातं आपण बंद करतो.

सरकारी खात्याचं लक्ष आहे ते नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीवर. ते असायलाच हवं. १९८६ पासूनचं अभयारण्य आहे, महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, आहे. बदकं, रोहित, क्रौंच यांना निदान पाट्या, मनोरे, गाईड मिळाले. पण भारीट पाण्यावर राहत नाही. तो अभयारण्याच्या हद्दीबाहेर, सातबाऱ्यावर कुणाचं तरी नाव असलेल्या जमिनीत राहतो. तिथे अभयारण्याचे नियम पोचत नाहीत, आणि कृषी खात्याला पाखरू म्हणजे फक्त उपद्रव. दोन कार्यालयांच्या बांधावरचा हा पक्षी, आणि तो बांधही दोन्हीकडून कोरलेला.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, लोक बदलत नाहीत. नागालँडमधलं पांगती गाव पाहा. २०१२ साली दोयांग जलाशयाकाठी त्या गावाच्या परिसरात स्थलांतर करणारे लाखाच्या घरात अमूर ससाणे मासेमारीच्या जाळ्यांत धरून विकले जात होते. धरणारे कोण? धरणात जमिनी गेलेली, मासे धरून पोट भरणारी माणसं. जाळीही तीच, नायलॉनची. त्यांच्यावरही देशभरातून शिव्यांचा पाऊस पडला. पण शिकार थांबली ती शिव्यांनी नाही. गावसभा बसली, चर्च बोललं, बाहेरचे कार्यकर्ते येऊन राहिले, दुसऱ्या मिळकतीची बोलणी झाली, आणि पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, जाळी उतरली. नाशिकच्या शेतकऱ्याने तर पाखरं विकायला जाळी टाकलेली नाही. त्याच्याशी बोलणं पांगतीपेक्षा सोपं असायला हवं. पण मोटारीने तिथवर जाऊन त्याच्या ओट्यावर बसायला हवं. मोबाइलवरून ते होत नाही.

मी बसलो. आतेभावाने गेल्या हंगामात बागेच्या गव्हाकडच्या बाजूला जुनी जाळी काढून जाड पांढरी ताणून बसवली. अर्धे पैसे मी दिले, अर्धे त्याने. एकाच बाजूला, कारण चारही बाजूंना आम्हा दोघांचीही ऐपत नव्हती. बांधालगत चार सऱ्या ज्वारी टाकली. वहिनीचा विरोध होता, कारण पाणी द्यायला तीच जाते. मार्चमध्ये गेलो तेव्हा त्या बाजूच्या जाळीत एकही पाखरू नव्हतं. उरलेल्या तीन बाजूंना दोन बुलबुल आणि एक वटवट्या होता, मेलेला. ज्वारीची निम्मीअर्धी कणसं रिकामी. बोरीच्या शेंड्यावर दहा-बारा नर बसले होते, डोकी काळी झालेली, म्हणजे निघायच्या बेतात.

"यंदा पण टाकायची का ज्वारी?" मी विचारलं.

"तिला विचार," तो म्हणाला, आणि वहिनीकडे बोट केलं. ती खाली पडलेली कणसं वेचत होती. तिने वर न बघता विचारलं, "भाऊजी, त्या चार सऱ्यांचं पाणी कोण देणार, ते आधी सांगा."